ज्या नावानं लोक येतात

आधी वहिनींचं सांगते, बाकीचं मागून. वर्ध्याला लागून सिंदी मेघे आहे, तिथल्या एका विवाह मंडळात मी कामाला होते. त्या मंडळाच्या मॅडमची ही सून. त्या दिवशी वहिनींनी तोंड उघडलं नसतं तर संध्याकाळच्या आत माझ्या डोक्यावरचं छप्पर गेलं असतं. आणि छप्पर गेलेल्या बाईचं पुढं काय होतं, ते मी तिथल्या अर्जांमधून रोज टाइप करत होते, म्हणून मला ते कुणी सांगावं लागत नव्हतं. वहिनींचं नाव इथं लिहीत नाही. कुणाचंच लिहीत नाही. सगळं बिघडलं तेच एका नावापायी.

मी मूळची कोकणातली, राजापूरकडची. नववीत शाळा सुटली, म्हणजे सोडवली. लग्न झालं तो ट्रकवर ड्रायव्हर होता. तो मला इतक्या लांब वर्ध्याला घेऊन आला, खोली केली, स्टोव्ह घेऊन दिला, आणि एका खेपेला गेला तो परत आलाच नाही. मेला असता तर मी विधवा झाले असते. फारकत दिली असती तर घटस्फोटित. त्यानं दोन्हीतलं काहीच केलं नाही. भावाला फोन केला. त्यानं सगळं ऐकून घेतलं, हूं हूं केलं, आणि म्हणाला, तिकडंच बघ काहीतरी. पुन्हा फोन केला तेव्हा त्याच्या मुलीनं उचलला आणि बाबा घरात नाहीत म्हणून सांगितलं. मागं त्याचा खोकला ऐकू येत होता.

मॅडमनी मला ठेवून घेतलं, हे त्यांचे उपकार. ते मी नाकारत नाही. पुढं ऑफिस, मागं खुर्च्या, सतरंज्या आणि वधूवर मेळाव्याचे फलक ठेवायची खोली. त्या खोलीत एका कडेला माझी गादी. झाडलोट, फोन, पाणी, आणि वहिनींनी शिकवल्यावर टायपिंगही. पगारही होता, पण खरा पगार ती खोली होती. मॅडम पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या की चुकलीस तर सामान पायरीवर ठेवीन, नंतर बोलणार नाही. मी मान हलवली. तेव्हापासून दर वेळी मॅडमनी हाक मारली की माझा हात आधी माझ्या पिशवीकडं जायचा, मग मी 'आले' म्हणायची.

मंडळ फक्त दुसऱ्या लग्नाचं होतं. विधवा, घटस्फोटित, सोडलेल्या बायका, आणि बायको गेलेले पुरुष. पुरुषांनी नोकरीचा कागद आणायचा. बायकांनी आणायचा चारित्र्याचा दाखला, पोलीस पाटलाच्या नाहीतर नगरसेवकाच्या सहीचा. एकदा देवळीहून एक बाई आली होती, तिनं साधेपणानं विचारलं की पुरुषांना हा दाखला का नाही. मॅडम हसून म्हणाल्या, "त्यांना मागितला तर ते येणारच नाहीत ना." त्या खोटं बोलल्या नव्हत्या.

पाटीवर मंडळाचं नाव लांबलचक होतं, संस्कृत, मॅडमच्या सासऱ्यांनी काढलेलं. ते कुणी घेत नसे. गावभर मंडळाला 'जुना बाजार' म्हणत. स्टेशनवर उतरून पाटीवरचं नाव सांगितलं तर ऑटोवाला म्हणायचा, "हे कोठी आलं बाप्पा?" आणि जुना बाजार म्हटलं की म्हणायचा, "बसा." त्यामुळं आमच्या दारात उतरणारी प्रत्येक बाई तो शब्द आधी स्वतःच्या तोंडानं बोलून आलेली असायची. पाणी देताना मला ते चेहऱ्यावर दिसायचं. समोरच्या पानठेल्यावरची माणसं तर मोजून-मापून बोलायची. नवा माल आला. आज भाव कमी आहे. मला 'समुद्रवाली' म्हणायचे, आणि म्हणायचे की हिला कुणी घेईना म्हणून दुकानातच ठेवली. हसायला कुणाला पैसे पडत नाहीत.

मॅडमसमोर मात्र तो शब्द कुणी काढत नसे. माझ्या आधी तिथं जी मुलगी होती, तिला पलीकडून कुणीतरी फोनवर विचारलं, जुना बाजार काय हो? ती म्हणाली, "हो, तोच." मॅडम मागं उभ्या होत्या. तिचं सामान त्याच दुपारी पायरीवर आलं. ही गोष्ट मला मॅडमनीच सांगितली, पहिल्या आठवड्यात, चहा पिता पिता.

वहिनी नाचणगावच्या. पहिलं लग्न वर्षभरही टिकलं नव्हतं. मॅडमच्या मुलाचं वय वाढून गेलं होतं आणि कुठं जमत नव्हतं, तेव्हा मॅडमनी आपल्याच मंडळातल्या फायलीतून वहिनींना निवडलं. मग दर मेळाव्यात मॅडम स्टेजवरून म्हणायच्या, "मी नुसतं बोलत नाही, माझ्या घरात करून दाखवलंय." आणि वहिनींना उभं करायच्या. वहिनींनी पाठ केलेली वाक्यं म्हणायची. मी टाकलेली होते. या घरानं मला उचलून घेतलं. इथं मला लेकीसारखं वागवतात. टाळ्या. काही वर्षं त्यांनी हे केलं. मग एका वर्षी, मी तिथं नुकतीच आले होते, त्या भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "मी आता उभी नाई राहत." बस्स, एवढंच. मॅडमनी समजावलं, रागावल्या, मुलाकडून सांगून पाहिलं. वहिनी हलल्या नाहीत. तेव्हापासून मॅडम त्यांच्याशी कामापुरतं बोलत, आणि ते काम मला सांगत. "तिला सांग, पोळ्या जाड झाल्या." वहिनी समोरच बसलेल्या असत.

मंडळाची वेबसाइट मुलानं करवून घेतली, नागपूरच्या एका छोट्या कंपनीकडून. दोन हजार आठच्या सुमाराची गोष्ट. साइटवर अर्ज भरता यायचा: नाव, फोन, पहिलं लग्न का मोडलं, मूल आहे का, असल्यास ते कुणाकडं ठेवणार. मॅडमना वाटायचं की परदेशातले विधुर आता धडाधड येतील. एकाचा मेल आलाही. पण त्यानं लिहिलं होतं की तुमच्या पानावर कुलूप दिसत नाही, मी माझी माहिती इथं भरणार नाही.

मॅडम मला म्हणाल्या, कुलूप लावून टाक.

नागपूरच्या माणसाला फोन केला. त्यानं आधी कुलपाचं चित्र पाठवलं, सोनेरी, चकचकीत. मी ते अर्जाच्या वर चिकटवलं. मॅडम खूश झाल्या. परदेशातल्या माणसानं लगेच उलट लिहिलं की हे चित्र आहे, कुलूप नाही. मॅडमनी तो मेल मला मोठ्यानं वाचायला लावला, इंग्रजीतून, अडखळत, आणि प्रत्येक अडखळण्यावर म्हणाल्या, "नववी."

मग कळलं की खरं कुलूप म्हणजे एसएसएल सर्टिफिकेट. लोक अर्जात जे भरतात ते मधल्या वाटेवर कुणाला वाचता येऊ नये, बंद पाकिटातून जावं, म्हणून ते लागतं. आणि ही साइट खरोखर तुमचीच आहे असा तिऱ्हाइतानं दिलेला दाखलाही त्यातच असतो. मला हे सगळं फार खरं वाटलं. आमच्याकडच्या बायका देवळी-पुलगावच्या सायबर कॅफेत बसून अर्ज भरायच्या, मागं पोट्टे उभे. ज्या बाईनं आईलाही सांगितलं नाही ते ती त्या अर्जात लिहायची. ते उघडं जात होतं.

नागपूरच्या माणसानं तीन प्रकार सांगितले आणि मी ते मॅडमना सांगितले. पहिला महागाचा. त्यात सर्टिफिकेट देणारी कंपनी संस्थेची कागदपत्रं तपासते, ऑफिसात फोन करून खात्री करते, आणि ब्राउजरच्या वरची पत्त्याची पट्टी हिरवी होते. दुसरा स्वस्तातला. त्यात कंपनी एवढंच पाहते की साइटचा पत्ता तुमचाच आहे ना. एक मेल येतो, त्याला होकार द्यायचा, झालं. हिरवं काही नाही, पण कुलूप खरं. तिसरा घरचा. बाहेरचं कुणी लागत नाही, आपणच आपल्याला सर्टिफिकेट द्यायचं. फुकट. पाकीट बंद होतं, पण बघणाऱ्याच्या ब्राउजरला ते पटत नाही, तो इशारा देतो.

मॅडमनी विचारलं, तुला काय वाटतं. मला कुणी असं विचारत नसे, म्हणून मी घाईनं बोलून गेले की दुसरं घेऊ, आपल्यासारख्या लहान साइटला तेवढं पुरतं. मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाल्या, "आपल्यासारख्या." आणि मुलाला हाक मारून म्हणाल्या की आपल्याला बाहेरच्यांच्या दाखल्याची गरज नाही, इतकी वर्षं या जिल्ह्यात आपला शब्द हाच दाखला आहे, घरचंच करा. टेबलावर त्या वेळी बायकांच्या चारित्र्याच्या दाखल्यांचा गठ्ठा होता. वहिनी तो लावत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही, पण त्यांचे हात थांबले.

पुढचा मेळावा तोंडावर आला होता. मॅडमना तिथं पडद्यावर साइट उघडून दाखवायची होती, कुलपासकट. तोवर झालं नाही तर मला तोंड दाखवू नकोस म्हणाल्या.

एका दुपारी मी आणि वहिनी बसलो. मॅडम झोपल्या होत्या. नागपूरच्या माणसानं एक पान दिलं होतं, त्यात माहिती भरली की सर्टिफिकेट तयार होणार. देश, राज्य, गाव, संस्था. संस्थेसमोर पाटीवरचं लांब नाव मी जपून टाइप केलं. त्याच्याखाली रकाना होता: कॉमन नेम. आणि पानाच्या वर लाल अक्षरांत लिहिलं होतं, माहिती खरी भरा, चुकीची असल्यास सर्टिफिकेट चालणार नाही. ते लाल मी दोनदा वाचलं.

वहिनी बी.ए.च्या पहिल्या वर्षापर्यंत शिकलेल्या. त्या म्हणाल्या, "कॉमन म्हणजे सगळ्याइच्या तोंडातलं. पाटीवरचं तं वरती लिवलं. आता हाकेचं इचारून राह्यले."

मी म्हटलं, हाकेचं म्हणजे?

मी घाबरून नागपूरला फोन लावला. लाइन खरखरत होती, त्याच्यामागं दुसरा फोन वाजत होता. तो म्हणाला, "ज्या नावानं लोक तुमच्याकडे येतात ना ताई, तेच टाका. हुबेहूब. एक अक्षर इकडचं तिकडं झालं तरी चालत नाही." मी विचारलं, हे कुणाला दिसतं का? तो म्हणाला की हे मशीनचं मशीनला असतं, माणूस कोण वाचतो. आणि ठेवला.

त्याला म्हणायचं होतं साइटचा पत्ता. लोक ब्राउजरमध्ये जे टाइप करून येतात ते. हे आज कुणालाही कळेल. पण आमच्याकडं लोक ब्राउजरनं येत नव्हते, ऑटोनं येत होते.

मी वहिनींना त्याचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं. त्या पहिल्यांदा हसल्या. आवाज न करता, पदर तोंडाला लावून, खांदे हलेपर्यंत. मग डोळे पुसले आणि म्हणाल्या, "लिव मंग. ज्या नावानं येते ते."

मी म्हटलं, वहिनी, मॅडम मला घालवतील.

"मशीनले कायची लाज? तो म्हणते ना कोणी वाचत नाई." मग फायलींच्या कपाटाकडं हात करून म्हणाल्या, "इथं इतके कागद हायेत, एकात बी खरं नाई. कोठी तरी एका जागी लिवलं जाऊ दे."

एकीकडं मॅडमची भीती होती, दुसरीकडं त्या लाल अक्षरांची. मला वाटलं, खोटं लिहिलं आणि सर्टिफिकेट झालंच नाही, तर तसंही जायचंच आहे. मी इंग्रजी अक्षरांत जुना बाजार टाइप केलं. नागपूरच्यानं न बघता ते साइटवर चढवलं. मग फोनवर म्हणाला की आता साइट उघडली की इशारा येईल, वाचत बसू नका, खाली 'अपवाद करा' असं आहे ते दाबा, पुन्हा विचारणार नाही. मी दाबलं. पुन्हा विचारलं नाही. कोपऱ्यात कुलूप दिसलं. मॅडमना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाल्या, "बघ, फुकटात झालं." मी त्या रात्री पहिल्यांदा त्या खोलीत गाढ झोपले.

आमच्या मशीनवर मी एकदा अपवाद केला होता, म्हणून ते गप्प होतं. बाकी जगातली मशिनं गप्प नव्हती. हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं.

मेळावा वर्ध्यातल्या एका सभागृहात होता. पुढच्या रांगांमध्ये बायका, छातीवर नंबरचा कागद पिनेनं लावलेला. मागं पुरुष आणि त्यांचे नातेवाईक. नाव पुकारायचं नसे, नंबर पुकारायचा. बाईनं उभं राहायचं, वळायचं, बसायचं. वहिनी दाराशी नोंदणीच्या टेबलावर होत्या. मी स्टेजच्या कडेला भाड्यानं आणलेल्या लॅपटॉपपाशी. पाहुणे म्हणून बँकेतले एक निवृत्त मॅनेजर आले होते, त्यांच्या हस्ते साइट उघडायची होती.

त्यांनी बटण दाबलं. पडद्यावर साइट आलीच नाही. आलं एक करडं पान, त्यावर इंग्रजीत बराच मजकूर. मॅनेजर साहेबांना वाटलं की हेच वाचायचं आहे. माईक त्यांच्या हातातच होता. त्यांनी सावकाश, बँकेतल्यासारखं वाचलं: "द सर्टिफिकेट इज नॉट ट्रस्टेड, बिकॉज इट इज सेल्फ साइन्ड." मग पुढची ओळ. "द सर्टिफिकेट इज ओन्ली व्हॅलिड फॉर..." इथं त्यांचा आवाज आपोआप मराठी झाला. "जुना बाजार."

क्षणभर कुणालाच काही कळलं नाही. मग मागच्या रांगेतून एक जण म्हणाला, "व्हॅलिड हाय म्हणते ना भाऊ, मंग का टेन्शन?" दुसरा म्हणाला, "गॅरंटी कार्ड बी देते का वो?" आणि सभागृह फुटलं. नवरदेवांचे मामा हसले, काका हसले, चहावाला हसला. पुढच्या रांगेतल्या बायका मान खाली घालून बसून होत्या. त्यांच्यातली एक मात्र हसली. हसता हसताच तिनं छातीवरचा नंबर ओढून काढला, पिनेनं साडी फाटली, आणि ती बॅग उचलून चालू लागली. मला अजून ती पाठ दिसते.

पडद्यावरचं ते जाईना. मी दिसेल ते बटण दाबत होते. मॅडम माझ्याकडं वळल्या. एरवी त्या नेहमी पुस्तकी मराठी बोलत. त्या वेळी ते सुटलं.

"कोनं लिवलं हे?"

मला फक्त माझी पिशवी दिसत होती, पायरीवर ठेवलेली. त्याच्यापुढं रस्ता, स्टेशन, आणि फोनमागचा भावाचा खोकला.

दाराकडच्या टेबलाशी खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. वहिनी उभ्या राहिल्या होत्या. इतक्या लांबून, माईक नसताना, त्यांचा आवाज स्टेजपर्यंत नीट आला.

"म्या सांगतलं तिले. लोक ज्या नावानं येते ते लिवा म्हणे. लोक याच नावानं येते. ऑटोवाल्याले इचारून पाहा."

पुन्हा हशा पिकला, पण आता त्यात थोडं चुकचुकणंही होतं. त्यांना बोलायची काही गरज नव्हती. मॅडमना त्यांचा संशयही आला नसता. असल्या जागी चूक नेहमी नववीवालीचीच असते. त्या गप्प राहिल्या असत्या तर मीही त्यांना दोष दिला नसता.

मॅडमनी पाहुण्यांच्या हातातून माईक घेतला आणि बटण बंद केलं. बंद झालं असं त्यांना वाटलं. मग त्या म्हणाल्या, "तुले कोठून उचलून आणलं होतं ते इसरली का?"

ते सगळ्या सभागृहानं ऐकलं. त्या वाक्याला कुणी हसलं नाही, आणि कुणी का हसत नाही ते मॅडमना कळलं नाही.

घरी आलो तेव्हा दिवस मावळायचा होता. माझी पिशवी पायरीवर आलीच. मॅडमनी स्वतः भरली होती. स्टोव्ह वर ठेवून चादर खाली कोंबली होती. मी पायरीखाली उभी होते. पानठेल्यावरून कुणीतरी विचारलं, "का वो समुद्रवाली, स्टॉक क्लिअरन्स काय?" मॅडम दारात होत्या. वहिनी त्यांच्या मागून आल्या आणि बाजूला उभ्या राहिल्या.

वहिनी म्हणाल्या, "तिले राहू द्या. मी उभी राहतो."

मॅडमनी विचारलं, "कोठी?"

"स्टेजवर."

बाजारात वस्तू हातात घेऊन उलटीपालटी करतात तसं मॅडमनी वहिनींकडं पाहिलं.

"दर मेळाव्याले?"

"दर मेळाव्याले."

"आन् सगळं म्हणजो. 'उचलून घेतलं' ते बी."

वहिनींनी मान हलवली. मला म्हणायचं होतं की नको, मी जाते. खरंच म्हणायचं होतं. पण स्टेशनवर जाऊन मी कुठलं तिकीट काढणार होते, हे मला माहीत नव्हतं. मॅडमनी पायानंच माझी पिशवी आत सारली. स्टोव्ह पायरीवर आपटला, त्याची एक पितळी तंगडी वाकली. ती शेवटपर्यंत तशीच राहिली.

मग दुसऱ्या प्रकारचं, स्वस्तातलं सर्टिफिकेट घेतलं. मॅडमनी त्याचं एका शब्दानं नाव काढलं नाही, मुलानं गुपचूप घेतलं. कॉमन नेमच्या रकान्यात साइटचा पत्ता. नागपूरचा माणूस फोनवर आधीचं आठवून इतका हसला की मला रिसीव्हर कानापासून दूर धरावा लागला. मेल आला, होकार दिला, कुलूप आलं. कुठल्याही मशीनवर उघडा, गप्प. परदेशातल्या माणसानं मात्र पुन्हा काही लिहिलं नाही.

पुढचा मेळावा पुलगावला झाला. साइट पडद्यावर आली, मॅडमनी माझ्याकडं न बघता "पुढं" म्हटलं, मी पुढचं पान आणलं. मग मॅडम म्हणाल्या, मी नुसतं बोलत नाही, माझ्या घरात करून दाखवलंय. वहिनी स्टेजवर आल्या. पुलगाव म्हणजे त्यांच्या माहेरचं गाव शेजारीच. नाचणगावची ओळखीची माणसं बसली होती, त्यांची चुलतीही होती. वहिनींनी समोर न बघता, शाळेतल्या मुलीनं कविता म्हणावी तसं म्हटलं. मी टाकलेली होते. या घरानं मला उचलून घेतलं. मध्येच त्या अडखळल्या, तेव्हा मॅडमनी मागून शब्द पुरवला. टाळ्या झाल्या. त्या खाली उतरताना माझ्याजवळून गेल्या आणि हळूच म्हणाल्या, "कुलूप दिसलं ना बाई?" मी हो म्हटलं. त्यांना तेवढंच विचारायचं होतं.

मी त्या खोलीत आणखी काही वर्षं राहिले. त्या वर्षांत पोट भरलं, संगणक शिकले, झोपायला जागा होती. ती सगळी वर्षं वहिनी दर मेळाव्याला उभ्या राहिल्या आणि मी दर मेळाव्याला पडद्यावरचं पान पुढं सरकवलं. आम्ही त्याबद्दल कधी बोललो नाही. एकदाच मी विचारलं, वहिनी, काऊन केलं तुम्ही? तोवर माझ्या तोंडात 'का'च्या जागी इथलं 'काऊन' बसलं होतं. त्या म्हणाल्या, "हसू आलतं ना वो मले. त्या दिवशी. लय दिवसांनी आलतं." मग पोळी तव्यावर टाकली.

आता मी पुलगावला राहते. भाड्याच्या दुकानात अर्ज भरून देते, दुकानदारांच्या लहान लहान साइट बघते. राजापूरला गेले नाही. नवरा अजून ना मेला, ना त्यानं सोडलं. सर्टिफिकेट आता फुकट मिळतं, तिऱ्हाइताकडूनच, आपोआप. कुणाला काही निवडावं लागत नाही. तरी एखादं गिऱ्हाईक विचारतं की ताई, हे कुलूप कायले लागते, तेव्हा मी नीट समजावून सांगते, त्याला कंटाळा येईपर्यंत सांगते. नव्या माणसाला पत्ता देताना 'लोक माझ्या दुकानाला काय म्हणतात' ते विचारायची मला अजून भीती वाटते.

मंडळ चालू आहे. मॅडमना आता खुर्चीतून उठवावं लागतं, पण माईक त्या स्वतःच धरतात. मागच्या मेळाव्याला मी मुद्दाम गेले, मागच्या रांगेत बसले. वहिनींचे केस पांढरे झालेत. वाक्यं तीच. आता शब्द पुरवावा लागत नाही.

वहिनी, तुम्ही हे वाचाल की नाही ठाऊक नाही. माझ्या दुकानामागं तुमच्यासाठी एक खोली आहे, तिला आतून कडी आहे आणि तिच्या पायरीवर कुणाचं सामान ठेवलं जात नाही. पण नुसत्या खोलीनं फिटणारं हे नाही. कुठल्यातरी मेळाव्यात, तुम्हाला स्टेजवर उभं केलं की, मी मागच्या रांगेतून उभी राहीन. माईक नसेल तरी चालेल, तुम्हालाही नव्हता. आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणेन की या आता उभ्या राहणार नाहीत, आणि मॅडमनी कोनं सांगतलं म्हणून विचारलं, तर म्हणेन, म्या सांगतलं.